शिंजीर की हमिंगबर्ड? दोन सूर्यपक्षी ओळखायला शिकूया

मित्रांनो, फेब्रुवारी उजाडला आणि पळसाला केशरी कळ्या दिसू लागल्या की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. जास्वंदीच्या नाहीतर बॉटलब्रशच्या फांदीवर एक इवलासा काळा पक्षी, बाकदार चोच फुलात खुपसलेली, आणि खाली ओळ : "भंवरकुआंला हमिंगबर्ड दिसला!" लगेच दहा-बारा अंगठे वर होतात. पक्षी सुंदर असतो, फोटोही सुंदर असतो, फक्त नाव चुकलेलं असतं.

"नावात काय आहे?" असं कुणी म्हणेल. पण आपण साहित्य मंडळाची माणसं. नावात काय असतं हे आपल्यालाच विचारायचं नाही तर कुणाला! शिवाय या बाबतीत नाव चुकलं की पुढचं बरंच काही चुकतं. म्हणून हा अभ्यासलेख. यात आपण दोन गोष्टी शिकणार आहोत : हा पक्षी हमिंगबर्ड का नाही, आणि त्याच्याच कुळातले दोन जवळचे भाऊबंद वेगळे कसे ओळखायचे.

आधी हमिंगबर्डचा निकाल लावू

आजच्या जगात हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत व आसपासच्या बेटांवर राहतात. त्यांच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, पण भारतात एकही नाही. आपल्या ओळखीची जी मराठी कुटुंबं न्यू जर्सीकडे राहतात, त्यांच्या अंगणात उन्हाळ्यात साखरपाण्याच्या लाल बाटलीवर येतो तो खरा हमिंगबर्ड. आपल्याकडे येतो तो सूर्यपक्षी, म्हणजेच शिंजीर. सूर्यपक्ष्यांच्या सुमारे दीडशे जाती आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पसरलेल्या आहेत.

दोघांचं नातं किती जवळचं? तर जवळपास काहीच नाही. हमिंगबर्डचे सख्खे नातेवाईक म्हणजे आकाशात सुसाट फिरणाऱ्या पाकोळ्या. शिंजीर मात्र चिमणी-बुलबुल ज्या मोठ्या गटात मोडतात त्या गटातला, आणि त्याचा शेजारी म्हणजे फुलटोच्या. मग दोघं इतके सारखे का दिसतात? कारण दोघांचा धंदा एक. नळीसारख्या फुलाच्या तळाशी असलेला मध काढायचा तर लांब चोच हवी, लांब जीभ हवी, अंगानं हलकं हवं. दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या घराण्यांत, त्याच कामासाठी तीच हत्यारं तयार झाली. इंदूरचा सोनार आणि कोल्हापूरचा सोनार एकमेकांचे कुणी लागत नसले तरी दोघांच्या हातात चिमटा सारखाच असतो, तसं हे.

प्रत्यक्ष बघताना फरक कळतो तो बसण्यावरून. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत एका जागी तरंगत मध पितो. काही जाती सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा पंख मारतात, आणि त्या पंखांच्या गुणगुण्यावरूनच त्यांना इंग्रजी नाव मिळालं. शिंजीर सहसा फांदीला, देठाला, अगदी फुलाच्या पाकळीलाही धरून बसतो आणि मान वाकडी करून चोच घालतो. क्षणभर तो तरंगतोही, नाही असं नाही, पण ते त्याचं रोजचं काम नव्हे. घरट्यातही फरक आहे. हमिंगबर्डचं घरटं वाटीसारखं वरून उघडं, तर शिंजिराचं लोंबत्या बटव्यासारखं, बाजूला दार असलेलं.

आणि एक सूचना. संध्याकाळच्या वेळी फुलासमोर तरंगणारा, पक्ष्यासारखा दिसणारा, पण डोक्यावर दोन मिशा असलेला प्राणी दिसला तर तो पक्षीच नव्हे. तो एक जातीचा पतंग असतो. त्या "मिशा" म्हणजे त्याच्या स्पर्शिका आणि ती लांब "चोच" म्हणजे त्याची सोंड. "मी हमिंगबर्ड पाहिलाच, तो हवेत थांबला होता" असं ठामपणे सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हाच पतंग पाहिलेला असतो.

नावांची गंमत

इथे इंदुरात आपण दोन भाषांत जगतो. हिंदीत या पक्ष्याला शक्करखोरा म्हणतात, म्हणजे गोड खाणारा. मराठीत शिंजीर किंवा सूर्यपक्षी. 'शिंजन' म्हणजे पैंजणांचा किंवा दागिन्यांचा मंजुळ नाद. शिंजीर म्हटलं की हा शब्द कानात वाजतोच. हिंदीनं पक्ष्याची जीभ पाहिली, सूर्यपक्षी म्हणणाऱ्यानं त्याची झळाळी पाहिली. घरचे इतके चांगले शब्द असताना अमेरिकेतून एक चुकीचा शब्द मागवायचा, हे काही बरं नाही.

मराठीत पक्ष्यांच्या नावांवर मोठं काम मारुती चितमपल्ली यांनी केलं. आयुष्यभर वनखात्यात नोकरी केलेला हा लेखक २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला आणि त्यांचा 'पक्षीकोश' आजही हाताशी ठेवावा असा आहे. जंगल आणि साहित्य हे दोन वेगळे विषय नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणून साहित्य मंडळाच्या अंकात पक्ष्याचा धडा कशाला, असं विचारू नका.

दोन भाऊबंद

आता मूळ धड्याकडे वळू. आपले दोन पक्षी असे :

पहिला, जांभळा शिंजीर. शास्त्रात त्याचं नामकरण लॅथम यांनी १७९० मध्ये केलं. इराण-अरबस्तानाच्या काही भागांपासून सगळा भारत ओलांडून थेट व्हिएतनामच्या बाजूपर्यंत हा आढळतो. मैदान, बाग, शेत, कोरडं रान, कॉलनीतली कुंपणं, त्याला सगळं चालतं.

दुसरा, जांभळ्या पाठीचा शिंजीर. याचं नाव लिनीअस यांनी १७६६ मध्ये ठेवलं आणि त्या नावात सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा उल्लेख आहे. याचं मुख्य घर दख्खन, कोकण, दक्षिण भारत आणि श्रीलंका. पुण्या-मुंबईला मावशीकडे, काकांकडे गेलात की खिडकीबाहेर हा सहज भेटतो.

दोघंही जेमतेम १० सेंटिमीटरचे. दुसरा किंचित लहान आणि त्याची चोचही थोडी आखूड. पण अर्ध्या सेंटिमीटरचा फरक हलत्या फांदीवर कुणाला दिसणार? म्हणून आकारावर विसंबू नका.

रंगावर विसंबावं म्हटलं तर तिथेही घोटाळा आहे. दोघांच्याही नावात "जांभळा" आहे. पण नाव म्हणजे वर्णन नव्हे. पहिला सावलीत चक्क काळा दिसतो. दुसऱ्याची पाठ जांभळी नसून गडद तपकिरी-लाल असते आणि जांभळा असतो तो शेपटीच्या अगदी वरचा भाग, जो क्वचितच नजरेस पडतो. असं का होतं? कारण ती झळाळी रंगद्रव्याची नसून पिसांच्या बारीक रचनेची असते. पिसाच्या आतले सूक्ष्म थर प्रकाश परावर्तित करतात. कोन बदलला की रंग बदलतो, ऊन गेलं की रंगही गेला. पैठणीचा धूप-छांव पदर जसा हलवल्यावर दोन रंग दाखवतो, तसाच काहीसा प्रकार. म्हणून "मला निळा दिसला", "मला हिरवा दिसला" यावर भांडू नका. दोघांचंही खरं असू शकतं.

मग बघायचं काय? आधी पोट, मग गळा

झळाळी सोडा, खालची बाजू बघा. तिथला रंग साधा असतो आणि ऊन-सावलीत फारसा बदलत नाही. पुढच्या पाच पायऱ्या क्रमानं तपासा.

१. पोटासकट सगळं अंग गडद, काळं-निळं-जांभळं? हा जांभळ्या शिंजिराचा नर, विणीच्या हंगामातल्या वेशात. रंगात आला की खांद्याजवळची पिवळी-नारिंगी पिसं फुलवून दाखवतो. एरवी ती पंखाखाली लपलेली असतात.

२. पोट पिवळं, पण गळा आणि छाती गडद, आणि दोहोंमध्ये आडवी स्पष्ट सीमा? हा जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर. पोटाच्या बाजू पांढरट असतात. खांद्यावर चमकदार हिरवा ठिपका दिसला तर शंकाच नको.

३. पोट पिवळसर आणि हनुवटीपासून खाली पोटापर्यंत उभी काळी पट्टी? हा पुन्हा जांभळा शिंजीरच, नरच, फक्त विणीबाहेरच्या वेशातला.

४. पट्टी नाही, झळाळी नाही, गळ्यापासून पोटापर्यंत सगळं फिकट पिवळं, डोळ्यावर फिकट भुवई आणि डोळ्यातून गेलेली गडद रेघ? ही जांभळ्या शिंजिराची मादी.

५. पट्टी नाही, झळाळी नाही, पण गळा पांढरट-राखाडी आणि त्याखाली छाती पिवळी? ही जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी.

एका ओळीत लक्षात ठेवायचं तर : पहिल्या नराचं पोट काळं, दुसऱ्याचं पिवळं, पहिल्या मादीचा गळा पिवळा, दुसरीचा पांढरा.

तिसऱ्या पायरीवर जरा थांबा

नवशिक्याची सगळ्यात जास्त फसगत होते ती तिसऱ्या पायरीवर. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम संपला की आपला काळा झगा उतरवून ठेवतो. पावसाळा सरल्यावर, साधारण सप्टेंबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत, तो मादीसारखा पिवळट दिसतो. फक्त गळ्यावरून खाली गेलेली एक काळी पट्टी, टाय बांधल्यासारखी, आणि पंखावर थोडी चमक उरते. मग हळूहळू एकेक गडद पीस येतं. मधल्या काळात तो ठिगळं लावल्यासारखा, अर्धा काळा अर्धा पिवळा दिसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा झगा पूर्ण.

परिणाम काय होतो? एकाच पक्ष्याची वहीत तीन नावं पडतात : "काळा सूर्यपक्षी", "पिवळा सूर्यपक्षी" आणि "पट्टीवाला सूर्यपक्षी". पिवळं पोट आणि गडद छाती बघून कुणी त्याला जांभळ्या पाठीचा शिंजीर ठरवून मोकळा होतो. म्हणून लक्षात ठेवा : उभी पट्टी पहिल्याची, आडवी सीमा दुसऱ्याची. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर वर्षभर एकाच वेशात राहतो. कपडे बदलतो तो फक्त पहिला. एक अडचण मात्र उरते. जांभळ्या शिंजिराची वयात येणारी नर पिल्लंही अशीच दिसतात. तेव्हा "विणीबाहेरचा किंवा तरुण नर" इतकंच लिहावं, जास्त ताणू नये.

इंदूरला कोण?

ओळख फक्त पक्ष्याच्या अंगावरून होत नाही, जागेवरूनही होते. माळव्याच्या पठारावर, आपल्या खंडवा रोडच्या बाजूला, विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात, रेसिडेन्सीच्या जुन्या झाडांत, सिरपूर तलावाच्या काठी, राळामंडलच्या रानात शिंजीर दिसला तर तो जांभळा शिंजीर असं समजून सुरुवात करावी. "नाही, हा दुसरा आहे" असं म्हणायचं असेल तर पुरावा जास्त हवा : खालची बाजू स्वच्छ दिसणारा फोटो, आडवी सीमा किंवा पांढरा गळा. पुण्यात मात्र दोन्ही शक्य आहेत, तिथे आधीपासून काहीच गृहीत धरू नये.

सुट्टीत कोकणात किंवा गोव्याला गेलात तर आणखी एक सावधगिरी. तिथे लोटनचा शिंजीर भेटतो. त्याचा नरही गडद, जांभळ्यासारखाच, पण चोच बरीच लांब आणि जास्त वाकलेली, पोट तपकिरी आणि छातीवर तपकिरी-लाल पट्टा. सह्याद्रीच्या जंगलात रक्तासारख्या लाल गळ्याचा शिंजीर दिसला तर तो व्हिगर्सचा सूर्यपक्षी. साइक्स यांनी १८३२ मध्ये त्याचं नामकरण केलं. हा पक्षी पश्चिम घाटाबाहेर दिसत नाही. इतकाच छोटा पण आखूड, सरळसर चोचीचा, मातकट पक्षी बांडगुळावर नाचताना दिसला तर तो शिंजीर नव्हे, फुलटोच्या. बांडगुळाचा मध पितो शिंजीर आणि फळं खाऊन बिया झाडाझाडावर चिकटवतो फुलटोच्या. आंब्यावरच्या बांडगुळाला या दोघांचाही आधार असतो.

हे सगळं कशासाठी?

आता खरा मुद्दा. आपण नराचा फोटो काढतो, कारण तो चमकतो. मादीकडे बघत नाही. "चिमणीसारखं काहीतरी होतं" म्हणून सोडून देतो. पण घरटं बांधते ती मादी. विणीचा काळ म्हणजे ऐन उन्हाळा, साधारण मार्च ते जून. म्हणजेच आपल्या परीक्षा, होस्टेल रिकामं करण्याची घाई, वार्षिक साफसफाई, रंगरंगोटी. नेमक्या त्याच दिवसांत ही मादी व्हरांड्यातल्या वायरीला, कपड्यांच्या दोरीला, मधुमालतीच्या वेलीला आपलं घरटं टांगते.

ते घरटं बघाल तर घरटं वाटणारच नाही. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं, वर वाळकी पानं, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, धागे चिकटवलेले, खाली एक शेपूट लोंबतंय. वाऱ्यानं अडकलेला कचरा वाटावा असंच ते दिसतं आणि तसंच दिसावं हा हेतूच असतो, कारण शत्रूला कळता कामा नये. पण झाडू घेतलेल्या हातालाही ते कळत नाही. बाजूला बोटभर दार, दारावर छोटंसं छप्पर, आत मऊ अस्तर आणि बहुधा दोन अंडी. अंडी उबवायला दोन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस लागतात. ते काम मादी एकटी करते. पिल्लं आली की नरही भरवायला मदत करतो. पिल्लांना मध पुरत नाही, त्यांना किडे आणि कोळी लागतात. म्हणजे "मधावर जगणारा पक्षी" हेही अर्धंच खरं.

ज्याला फक्त काळा चमकदार नर माहीत आहे, त्याला वायरीभोवती घिरट्या घालणारी मातकट-पिवळी मादी आणि तो लोंबता "कचरा" यांचा संबंध कळत नाही. ज्याला चौथी पायरी पाठ आहे, तो झाडू थांबवतो. नाव बरोबर येण्याचा उपयोग हा असा, अगदी रोजच्या व्यवहारातला आहे.

दुसरा उपयोग नोंदींचा. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजले जातात आणि भारतात त्याला जोडूनच कॉलेजांच्या आवारातली गणना होते. कुणीही पंधरा मिनिटं बघून यादी ई-बर्डवर टाकू शकतो. हीच यादी उद्या अभ्यासक वापरतात : कोणता पक्षी कुठे सरकला, कुठून नाहीसा झाला. सालिम अली यांनी १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' लिहून सामान्य माणसाच्या हातात ओळखीची किल्ली दिली. त्यानंतर पक्षी बघणं ही फक्त तज्ज्ञांची मिरास राहिली नाही. पण हक्क मिळाला की जबाबदारीही येते. तीन वेशांतल्या एका पक्ष्याची तीन जातींत नोंद झाली, तर आपल्या आवाराची यादी लांब होईल पण खोटी होईल.

नोंद कशी लिहायची

मराठीचे विद्यार्थी म्हणून इथे आपला हात वरचा असायला हवा. नाव शेवटी लिहा, आधी दिसलं ते लिहा. उदाहरणार्थ : "१२ नोव्हेंबर, सकाळी ८. शंकासुराच्या फुलांवर. चिमणीहून लहान. चोच बारीक, खाली वाकलेली. पोट पिवळसर, हनुवटीपासून पोटापर्यंत काळी उभी पट्टी. फांदीला धरून बसला. आवाज बारीक, तुटक." आणि मग : "म्हणून जांभळा शिंजीर, नर, विणीबाहेरचा किंवा तरुण." हा "म्हणून" महत्त्वाचा. तो लिहिता आला तरच ओळख पटली असं समजा. लिहिता आला नाही तर "शिंजीर, जात नक्की नाही" असं लिहायला लाजू नका. ती नोंदही खरीच असते.

सरावासाठी

१. जानेवारीत दिसलेला शिंजीर अर्धा काळा, अर्धा पिवळा आहे. कोणता? का?

२. पुण्याहून मैत्रिणीनं फोटो पाठवला : गळा पांढरट, छाती पिवळी, झळाळी कुठेच नाही. नर की मादी? कोणत्या जातीची?

३. "इंदूरला हमिंगबर्ड दिसला" असं म्हणणाऱ्या मित्राला, त्याचा हिरमोड न करता, पाच वाक्यांत उत्तर लिहा.

४. तुमच्या घराच्या किंवा होस्टेलच्या आवारात शिंजीर कोणत्या फुलांवर येतो याची महिनाभर रोज एका ओळीत नोंद ठेवा. नर आणि मादी वेगळे लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची चांगली उत्तरं आणि चौथ्याच्या वह्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत घेऊन या. आणि मार्चनंतर व्हरांड्यात काही लोंबताना दिसलं, तर ते काढण्याआधी दहा मिनिटं लांब उभं राहून बघा. एखादी पिवळसर, बाकदार चोचीची पाखरी तिथे ये-जा करत असेल, तर ते पिल्लं उडून जाईपर्यंत तसंच राहू द्या.